हिवाळ्याचा खेळ, उन्हाळ्याची घडण

बास्केटबॉल हा जन्माने हिवाळ्याचा खेळ आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात, १८९१ च्या डिसेंबर महिन्यात जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकापुढे एक साधी अडचण उभी होती. शरद ऋतूतला फुटबॉल संपला होता, वसंतातला बेसबॉल अजून दूर होता, बाहेर बर्फ साचले होते आणि व्यायामशाळेतील त्याच त्या कवायतींना कंटाळलेले अठरा विद्यार्थी त्याच्या हाती सोपविले होते. नेस्मिथने पीच या फळाच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, एवढ्याच कारणाने बास्केटची उंची दहा फूट ठरली आणि आजतागायत ती तेवढीच राहिली आहे. अमेरिकेतील शाळांच्या स्पर्धांचा काळही त्या पहिल्या थंडीला धरूनच आहे. नोव्हेंबरात संघाची निवड व्हावयाची आणि मार्चमध्ये राज्याचा विजेता ठरावयाचा.

असे असूनही तेथील प्रशिक्षकांच्या तोंडी एक जुनी म्हण आहे. संघ हिवाळ्यात घडतो, खेळाडू मात्र उन्हाळ्यात घडतो, असा तिचा आशय. जूनच्या आरंभी शाळा सुटते आणि ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात भरते. मधल्या दहा-बारा आठवड्यांत ना सामने, ना शाळेचा संघ. ज्या काळात खेळच नाही त्या काळात खेळाडू घडतो, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. त्याची उकल शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्याकडील गवयाच्या घरात मैफल आणि रियाज यांतला जो भेद मानतात, तोच हा भेद आहे.

हंगाम चालू असताना प्रशिक्षकाला चिंता असते ती येत्या शुक्रवारच्या सामन्याची. सरावाच्या दोन तासांत त्याला पाच जणांची हालचाल बसवायची असते. अशा वेळी प्रत्येक मुलाकडून तो तेवढेच काम करून घेतो, जे त्या मुलाला आधीपासून येते. एखाद्याचा डावा हात आंधळा असेल, म्हणजे डाव्या हाताने चेंडूला टप्पे देत पुढे जाणे त्याला जमत नसेल, तर प्रशिक्षक त्याला उजवीकडून खेळवितो. आणि तो मुलगा स्वतःही आपले उणे झाकून ठेवण्याची कला शिकतो. पाच महिने असे गेले की उजवा हात अधिक उजवा होतो आणि डावा जिथल्या तिथे राहतो. उन्हाळ्यात पाहणारा कोणी नसतो, गुणफलक नसतो, चूक झाली तर बाकावर बसविणाराही नसतो. झाकून ठेवलेली उणीव उघड्यावर आणण्याला हाच काय तो मोकळा काळ.

या दृष्टीने पाहिले तर बिल ब्रॅडली याचे उदाहरण फार बोलके आहे. मिसूरी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, क्रिस्टल सिटी नावाचे काचेच्या कारखान्याभोवती वसलेले छोटे गाव आहे. तेथील बँकेच्या अध्यक्षाचा हा एकुलता एक मुलगा. त्याने पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघाबरोबर १९७० आणि १९७३ साली अजिंक्यपद जिंकले आणि १९७९ ते १९९७ पर्यंत तो अमेरिकेच्या सिनेटचा सभासद होता. तथापि येथे त्याचे शालेय वयच महत्त्वाचे. ब्रॅडली उडी मारण्यात असामान्य नव्हता आणि वेगातही नव्हता. जॉन मॅक्‌फी या लेखकाने १९६५ साली त्याच्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकात त्याच्या सरावाची नोंद आहे. शाळा चालू असताना रोज साडेतीन तास, शनिवारी सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत, रविवारी दुपारभर, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सुमारे तीन तास.

तासांच्या या हिशेबाने दिपून जाण्याचे कारण नाही. त्या तासांत तो काय करीत असे, ते पाहण्याजोगे आहे. रिकाम्या मैदानावर तो खुर्च्या मांडी आणि त्यांना प्रतिपक्षी समजून त्यांच्यामधून नागमोडी वाटेने चेंडू नेई. चष्म्याच्या रिकाम्या चौकटीला खालून पुठ्ठा चिकटवून तो ती डोळ्यांवर चढवी, म्हणजे जमीन दिसू नये आणि चेंडूकडे पाहण्याचा मोहही होऊ नये. कारण टप्पे देताना ज्याची नजर चेंडूवर खिळली, त्याला मोकळा सोबती दिसत नाही आणि धावून येणारा शत्रूही दिसत नाही. गावाच्या मुख्य रस्त्याने चालताना तो दृष्टी समोर ठेवून दोन्ही बाजूंच्या दुकानांत काय मांडले आहे ते डोळ्यांच्या कडांनी ओळखण्याचा प्रयत्न करी. पुढे एका नेत्रवैद्याने तपासणी केली, तेव्हा त्याच्या दृष्टीचा आडवा विस्तार १९५ अंश भरला. ग्रंथांत पूर्ण म्हणून धरलेला विस्तार १८० अंशांचा आहे. हे सरावाचे फळ की जन्माचे देणे, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या रस्त्यावरच्या अभ्यासाला मैदान लागले नाही, बास्केट लागले नाही आणि पैसाही लागला नाही, ही गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे.

नेमबाजीतही त्याचा एक नियम होता. एका जागी उभे राहून तेरा फेकींत निदान दहा चेंडू आत गेल्याखेरीज पुढच्या जागी जावयाचे नाही. पुस्तकातील एक प्रसंग मोठा मासलेवाईक आहे. प्रिन्स्टनला महाविद्यालयात असताना एका उन्हाळ्यात ब्रॅडली जवळच्या लॉरेन्सव्हिल येथील शाळेच्या व्यायामशाळेत सरावास गेला. त्याचे ओळीने काही चेंडू थोडक्यात हुकले. त्याने क्षणभर थांबून मनाशी काही दुरुस्ती केली आणि मग चेंडू जाऊ लागले. नंतर तो म्हणाला, की हे बास्केट दीड इंचाने खाली आहे. काही आठवड्यांनी मॅक्‌फी शिडी आणि पोलादी पट्टी घेऊन तेथे गेला. कडे दहा फुटांपेक्षा एक इंच आणि एक अष्टमांश खाली भरले. उन्हाळ्यांमागून उन्हाळे एकाच कृतीत घातले म्हणजे अंगाला किती सूक्ष्म मापे कळू लागतात, याचा हा दाखला.

कडे किती उंच यापेक्षा चेंडू कड्यात कोणत्या कोनाने उतरतो, हा प्रश्न सामान्य विद्यार्थ्याला अधिक उपयोगाचा आहे. कड्याचा व्यास १८ इंच असतो आणि मुलांच्या चेंडूचा व्यास सुमारे साडेनऊ इंच. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला अठरा इंचांचे पूर्ण तोंड मिळते. तोच चेंडू ४५ अंशांनी तिरपा आला, तर त्याच्या दृष्टीने ते तोंड पावणेतेरा इंचांचे होते. आणि ३० अंशांनी, म्हणजे बराच सपाट आला, तर नऊच इंच उरतात. चेंडूहून वाट अरुंद झाली. मग तो कड्याला न लागता आत जाणे शक्यच नाही. लहानपणी दुबळ्या हातांनी चेंडू ढकलण्याची सवय लागलेली मुले अशीच सपाट फेक करतात, आणि वयाबरोबर बळ वाढले तरी सवय सुटत नाही. हंगामात ती मोडावयास कोणी धजत नाही. कारण जुनी फेक मोडून नवी बसेपर्यंत चार-सहा आठवडे दोन्ही नाहीत अशी स्थिती येते. सामन्यात असे आठवडे परवडणारे नसतात. उन्हाळ्यात ते परवडतात.

येथेच एक फसगत संभवते. एकाच जागेवरून पन्नास वेळा चेंडू फेकला की शेवटच्या दहा फेकी सुरेख जातात आणि आपण सुधारलो असे वाटून मुलगा समाधानाने घरी जातो. दुसऱ्या दिवशी ती सुधारणा निम्मी उरलेली असते. केर आणि बूथ या संशोधकांनी १९७८ साली आठ वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. काही मुलांनी दाण्यांची पिशवी तीन फुटांवरच्या खुणेवर टाकण्याचा सराव केला. इतरांनी दोन आणि चार फुटांवर टाकण्याचा, तीन फुटांवर मुळीच नाही. शेवटी सर्वांची परीक्षा तीन फुटांवरच झाली आणि दुसरा गट सरस ठरला. विविधतेने केलेला सराव करताना ओबडधोबड दिसतो, परंतु अधिक टिकतो, असे त्यानंतरच्या अनेक प्रयोगांतूनही आढळले आहे. अपवाद असलाच तर पंधरा फुटांवरच्या फ्री थ्रोचा. ती फेक नेहमी एकाच जागेवरून आणि कोणाचाही अडथळा नसताना करावयाची असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलेल्या खेळाडूंची त्या अंतरावरील अचूकता आजूबाजूच्या अंतरांवरून बांधलेल्या अटकळीपेक्षा अधिक भरली, म्हणजे शरीराने तेवढे एक अंतर वेगळे जपून ठेवले होते. तेव्हा फ्री थ्रो एकाच जागी शंभरदा करावा. बाकीच्या फेकी मात्र जागा बदलीत, धावून आल्यावर, दम लागलेला असताना कराव्यात. ज्या सरावात चुका होत नाहीत तो बहुधा करमणुकीचा असतो.

उन्हाळा आणखी एक गोष्ट करतो, आणि तिचे श्रेय सरावाला नाही. तो मुलांची उंची वाढवितो. पश्चिम व्हर्जिनियातील जेरी वेस्ट हा कोळशाच्या खाणींच्या मुलखातला मुलगा, शेजाऱ्याच्या कोठाराच्या भिंतीला ठोकलेल्या कड्यावर एकटाच चेंडू फेकीत असे. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी त्याला ठेंगणेपणापायी बाकावर बसावे लागले. १९५३ च्या उन्हाळ्यात तो झपाट्याने वाढून सहा फूट झाला, आणि १९५६ साली त्याच्या ईस्ट बँक हायस्कूलने राज्याचे अजिंक्यपद मिळविले. पुढे दरवर्षी त्या विजयाच्या दिवशी ती शाळा एका दिवसापुरते ‘वेस्ट बँक’ हे नाव धारण करीत असे.

मायकेल जॉर्डनची कथा तर जगभर झाली आहे, परंतु ती थोडी वाढवून सांगतात. १९७८ साली उत्तर कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे लेनी हायस्कूलच्या मुख्य संघाच्या यादीत त्याचे नाव आले नाही, हे खरे. मात्र त्याला हाकलून दिले नव्हते. पाच फूट दहा इंचांच्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाला कनिष्ठ संघात घातले होते. त्यानंतर त्याची उंची वाढली आणि सरावही वाढला. १९८० च्या उन्हाळ्यात पिट्सबर्ग येथील ‘फाइव्ह स्टार’ शिबिरात तो गेला, तेव्हा त्याच्या राज्याबाहेर त्याला ओळखणारे फारसे कोणी नव्हते. परतला तेव्हा देशभरच्या प्रशिक्षकांच्या वहीत त्याचे नाव होते. वेस्ट काय किंवा जॉर्डन काय, दोघांनाही उंची आयती मिळाली. पण ती मिळेपर्यंत ठेंगण्या खेळाडूला लागणारी हस्तचापल्याची विद्या त्यांच्या अंगी मुरलेली होती, आणि उंची आल्यावरही ती गेली नाही. जो मुलगा लहानपणापासूनच उंच असतो त्याला ही विद्या पुष्कळदा कोणी शिकवीत नाही. त्याला कड्याखाली उभे करतात, आणि बरोबरीची मुले त्याच्याएवढी झाली की त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

ब्रॅडलीच्या उन्हाळ्याविषयी लिहिताना एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. बँकेच्या अध्यक्षाच्या मुलाला सुट्टीत चार पैसे मिळविण्यासाठी कोठे राबावे लागत नव्हते. सर्वांना एवढा निवांत एकांत कोठून मिळणार? न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात घरे दाटीची आणि मैदाने सिमेंटची. तेथे हॉलकम रकर या उद्यानखात्यातील कर्मचाऱ्याने १९५० च्या सुमारास मुलांसाठी उन्हाळी स्पर्धा सुरू केल्या. मुले रस्त्यावरच्या भानगडींपासून दूर राहावीत हा त्यांचा हेतू होता, आणि खेळाइतकीच मुलांच्या अभ्यासाचीही त्यांना चिंता असे. हळूहळू नामवंत व्यावसायिक खेळाडूही तेथे उतरू लागले आणि शाळकरी मुलांना त्यांचा खेळ कुंपणाला नाक लावून पाहता येऊ लागला. १५५ व्या रस्त्यावरील त्या मैदानाला आता रकर यांचेच नाव आहे.

फार रॉकअवे या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतून नॅन्सी लीबरमन नावाची एक शाळकरी मुलगी १९७० नंतरच्या वर्षांत भुयारी रेल्वेने हार्लेमला मुलग्यांबरोबर खेळावयास येत असे. आपण धिप्पाड दिसावे म्हणून ती कोटाच्या आत कपडे कोंबून घेई. मुलीने घरात चेंडू आपटावा हे आईला मुळीच पसंत नव्हते. तिने तो पेचकसाने भोसकल्याचेही लीबरमनने सांगितले आहे. शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला, त्याला अजून फळे यावयाची होती. शाळेत ज्या तोडीचे प्रतिस्पर्धी तिला मिळणे शक्य नव्हते, ते या सिमेंटवर मिळाले. १९७६ साली माँट्रियल येथे स्त्रियांचे बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले, तेव्हा रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघात ती नुकतीच अठरा वर्षे पुरी केलेली मुलगी होती. स्वतःपेक्षा बलवान असलेल्यांशी खेळून हरणे हाही उन्हाळ्याचाच एक अभ्यास आहे.

अलीकडच्या काळात अमेरिकन उन्हाळ्याचे रूप पालटले आहे. गुणी मुलांचे फिरते संघ असतात, त्यांतील काहींना बूट बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा आश्रय असतो, आणि जुलैमधील ठरावीक दिवसांत महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांना त्यांच्या स्पर्धा पाहण्याची मुभा असते. शनिवार-रविवारी तीन-चार सामने, पुढच्या आठवड्यात दुसरे शहर. आईबापांचा पैसा खर्च होतो; ज्यांच्यापाशी तो नाही त्यांना आश्रयदाता शोधावा लागतो. या व्यवस्थेने कित्येक अज्ञात मुलांना महाविद्यालयाचे दार उघडून दिले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिने उन्हाळ्यालाच दुसरा हंगाम करून टाकले. पाहणारे आले, की झाकणे आले. ज्याच्या डाव्या हाताकडे दहा प्रशिक्षकांचे लक्ष आहे तो डावा हात कशाला वापरील? त्या धावपळीत वर्षभर पुढे ढकललेला रियाज पुन्हा एकदा पुढे ढकलला जातो.

शरीरावरचा बोजा हा आणखी गंभीर भाग. वाढीच्या वयात गुडघ्याच्या खाली, जेथे मांडीच्या स्नायूंचा बंध नडगीच्या हाडाला मिळतो, तेथे वारंवार उड्या मारणाऱ्या मुलांना सूज आणि वेदना होते. तिच्याकडे दुर्लक्ष करून उड्या चालू ठेवणे हा शूरपणा नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली असा सल्ला दिला, की मुलांनी आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि वर्षातून दोन-तीन महिने आपल्या ठराविक खेळापासून दूर राहावे. ब्रॅडली बुटांत शिशाचे दहा पौंड तुकडे घालून सराव करी. त्याच्या इतर गोष्टींचे अनुकरण करावे, याचे करू नये. पायाच्या टोकाला बांधलेले वजन गुडघ्यालाच जड जाते. त्यापेक्षा दोरीवरच्या उड्या, जोर आणि बैठका बऱ्या. आणि पोहणे किंवा दुसरा एखादा खेळ, म्हणजे तेच सांधे रोज झिजत नाहीत. भारतात तर सुट्टीचे दिवस म्हणजे एप्रिल-मेचे ऊन. मैदान बहुधा उघडे आणि सिमेंटचे. तेव्हा येथील विद्यार्थ्याचा उन्हाळी सराव सूर्योदयाच्या आधी सुरू होऊन उन्हे चढण्यापूर्वी संपला पाहिजे, आणि पाण्याचे भांडे चेंडूइतकेच अगत्याचे मानले पाहिजे.

अमेरिकेत पाच लाखांहून अधिक मुलगे शाळांच्या संघांतून बास्केटबॉल खेळतात. त्यांतील अगदी थोडे महाविद्यालयात खेळू शकतात, आणि व्यावसायिक संघापर्यंत जाणाऱ्यांची तर बोटे मोजावीत. बहुसंख्यांचा पणाला लागलेला मान एवढाच असतो, की नोव्हेंबरात आपल्या शाळेच्या दारावर जी यादी लागेल तिच्यातील बारा-पंधरा नावांत आपले नाव असावे. पंधरा वर्षांच्या मुलाला तो मान लहान वाटत नाही. निवडीला प्रशिक्षकापाशी जेमतेम दोन-तीन संध्याकाळी असतात. पन्नास मुले एकदम धावत असतात, आणि एकेकाकडे पाहावयास त्याला काही क्षणच मिळतात. अशा वेळी तो एखाद्याला चेंडू देतो, उजव्या बाजूला एक बचावपटू उभा करतो आणि शिटी वाजवितो. मुलाने डाव्या हाताने पहिला टप्पा टाकला की प्रशिक्षक चेंडूकडे पाहत नाही. त्या मुलाची नजर खाली जाते की समोर राहते, तेवढे तो पाहतो.